बागजोला युनियनचा बार आणि माझा काही संबंध नाही

१५ एप्रिल, पहिला वैशाख. दुपार

बारपूजा उत्तम पार पडली. श्रेय संपूर्ण माझं. आमचा सेक्रेटरी पल्टूदा भाषणात सगळ्यांचे आभार मानून गेला, अगदी कॅन्टीनवाल्याचेसुद्धा. माझं नाव राहिलं. असो.

मी एकदम शांत आहे.

जे झालं ते फक्त नोंद म्हणून लिहितो. दर बंगाली नववर्षाला आमच्याकडे गोलपोस्टचा वरचा बार उतरवून क्लबच्या तंबूसमोर आणतात, त्याला हार-शेंदूर लावतात, तेव्हा कुठे फुटबॉलचं वर्ष सुरू होतं. यंदा क्लबची शंभरी. म्हणून मी काल हौसेनं बारला नवा ऑइलपेंट लावून घेतला. सकाळी हात लावला तर बोटं पांढरी. कलकत्त्याच्या हवेत काही वाळतं का! पूजा सांगणारे भट्टाचार्यमोशाय आसनावर बसलेले, पाहुणे गेटवर, स्पॉन्सर कंपनीचे साहेब गाडीतून उतरतायत. मी ध्रुव माळ्याला तंबूमागचा बांबू आणायला सांगितला. ज्यावर खेळाडूंचे मोजे वाळत घालतात, तो. वर चुना फासला, झेंडूत गुंडाळला. भट्टाचार्यमोशायना मोतीबिंदू आहे. मंत्र खणखणीत झाले. अख्खी टीम एकेक करून बांबूच्या पाया पडली.

खरा बार गॅलरीपलीकडे गोलवर तसाच. उपाशी.

सायन्सच्या दृष्टीनं बांबू काय आणि बार काय. मी बी.एस्सी. आहे. घाम फक्त उकाड्यामुळे येतोय.

१६ एप्रिल

बांबूचा विषय डोक्यातून काढून टाकला आहे. आज दिवसभरात एकदाही आठवला नाही, फक्त जेवताना, आंघोळीच्या वेळी आणि ट्राममध्ये.

मिनतीला सांगितलं. बायकोपासून लपवणं माझ्या स्वभावात नाही. ती पापड भाजत होती. म्हणाली, अहो, मोज्यांचा बांबू? निदान धुतलेले मोजे तरी होते का?

३ मे

ध्रुव माळी रजा काढून ओरिसाला गावी गेला. बरं झालं. म्हणजे त्याच्या तब्येतीसाठी बरं झालं.

शतकमहोत्सवी इतिहासाचं काम माझ्याकडे आहे. आज भरपूर लिहिलं. १९२६ साली तूपवाल्या नंदींच्या पाच मुलांना एका मोठ्या क्लबच्या तंबूत अनवाणी आले म्हणून शिरू दिलं नाही, तेव्हा त्यांनी रागानं स्वतःचा क्लब काढला. पुढे चिखलात गोऱ्या पलटणीला एक-शून्य हरवलं. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेली माणसं आमच्या तंबूत झोपायची, आणि त्यांच्यातूनच पुढची टीम उभी राहिली. लिहिताना डोळे भरून आले. मग क्लब प्रोफेशनल झाला, पोरांना पगार मिळू लागले आणि छातीवर डासांच्या अगरबत्तीचं नाव आलं. या सगळ्यात एकदाही, शंभर वर्षांत एकदाही, आम्ही वरच्या डिव्हिजनमधून खाली घसरलो नाही.

शेवटच्या प्रकरणाचं नाव ठेवलं: 'समाद्दार युग'. भवतोष समाद्दार, सहायक चिटणीस, फोटोसह. आत्मस्तुती नको म्हणून चारच पानं.

२१ जून

लीगची पहिली मॅच. हरलो, शून्य-एक. हरण्याचं काही नाही. पण आपल्या पोरांचे तीन शॉट बारला लागले. तिन्ही वेळा 'ठण्ण' असा आवाज, आणि तिन्ही वेळा मी जागेवर उडालो.

माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही. का नाही पाहिलं?

२८ जून

पुन्हा हरलो. या वेळी त्यांचा शॉट बारला लागून आत पडला. आपला लागला की बाहेर, त्यांचा लागला की आत. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेंगदाणे सोलत म्हणाला, यंदा बार रुसलाय रे. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की लोक वळून बघायला लागले.

बी.एस्सी.च्या पुस्तकात यावर काही सापडतं का बघितलं. वाळवी लागली आहे.

५ जुलै

सत्यानाश. सलग तिसरी हार, आणि समर्थकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोबलानं लिहिलंय: यंदा बारपूजा कोणी केली? काहीतरी घोळ झालाय. त्या माणसाला शोधून काढा, मग बघतो.

गोबला म्हणजे समर्थक संघटनेचा अध्यक्ष. दमदमला मासे विकतो. त्याचा कोयता मी पाहिला आहे.

संशय आपल्यावर येऊ नये म्हणून मी तत्काळ लिहिलं: होय, शोधाच! अशा माणसाला माफी नाही! ग्रुपवर माझं नाव 'सच्चा समर्थक' आहे. खाली इतके अंगठे आले की मोबाईल गरम झाला. मग पंख्याखाली आडवा झालो. मिनती म्हणाली, स्वतःवरच कुत्री सोडणारा माणूस पहिल्यांदा बघतेय.

७ जुलै

भीतीपोटी नव्हे, तर इतिहासकारानं अलिप्त राहावं म्हणून 'समाद्दार युग' हे प्रकरण काढून टाकलं. आता नुसतं 'अलीकडचा काळ'. बारपूजेच्या फोटोतून स्वतःला कापलं. एक कोपर राहिलं होतं. मिनती म्हणाली, घड्याळावरून कोणीही ओळखेल. कोपरही कापलं.

१३ जुलै. सकाळ

बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर गोबला! डोक्यावर टोपली, हातात कोयता. मी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, नळ सोडला, मग आवाज येईल म्हणून नळ बंद केला. देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून शाळेतला पाढा बाहेर पडला.

बऱ्याच वेळानं मिनतीनं दार वाजवलं. तो इलिश विकायला आला होता. आमच्या गल्लीचा मासेवाला आजारी आहे म्हणून हा फिरतोय. घरात कोण कोण असतं, इलिश किती कापू, असं विचारत होता. तिनं सांगितलं, मी आहे, आणि एक लेखक आहेत.

इलिश चांगला होता. एक काटा घशात अडकला. योगायोग.

२० जुलै. भर दुपार

धाडसी निर्णय घेतला. लपत बसणं माझ्या रक्तात नाही. दुपारी मैदानावर चिटपाखरू नसतं, तेव्हा जाऊन खऱ्या बारची पूजा स्वतःच करून टाकायची. झालं गेलं विसरून जा म्हणावं त्याला.

नारळ, शेंदूर, दोन जास्वंदीची फुलं. कॅन्टीनमधून स्टूल घेतलं. स्टुलावर चढलो, शेंदूर लावला, हात जोडले, म्हटलं, बाबा रे, माझी चूक नाही, ऑइलपेंटची आहे. तेवढ्यात मागून आवाज आला. कोचसाहेब! मी स्टुलासकट जाळ्यात. नारळ घरंगळत गोलरेषेच्या आत गेला. कोचसाहेब म्हणाले, या सीझनमधला आपला पहिला गोल.

इतिहासासाठी बारची उंची मोजतोय, असं मी बाणेदारपणे सांगितलं. ते म्हणाले, रुंदीही मोजा मोशाय, आणि आमच्या पोरांना जरा दाखवा.

गुडघा सुजला आहे. पण काम झालं. आता बघाच.

२६ जुलै

हरलो. पेनल्टी मिळाली होती. चेंडू बरोबर शेंदराच्या टिळ्यावर लागला.

२ ऑगस्ट

ध्रुव माळी परतला. तंबूत चारचौघांत मला म्हणाला, बाबू, त्या बांबूला शेंदूर लागलाय, आता त्याच्यावर मोजे घालू की नको? त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की मोजे गवतावर घाल आणि पुन्हा बांबू हा शब्द काढू नकोस. तो म्हणाला, मग त्याला काय म्हणू?

तंबूतल्या बोर्डावर कमिटीची नावं आहेत. माझं शेवटून दुसरं. तीस वर्षं आहे. गोबला रोज त्या बोर्डाखाली स्ट्यू-टोस्ट खातो. आज पेंटरला गाठून सांगितलं की माझ्या नावात चूक आहे, पुसून ठेव, नंतर लिहू. तो पुसत असताना पल्टूदा तिथून गेला. मला वाटलं विचारेल. थांबला, म्हणाला, वा! जागा झाली. इथे कंपनीच्या साहेबांचं नाव घाला.

घातलं. चांगलंच झालं. आता पुरावा कुठेच नाही. रात्री झोप लागायला हवी.

लागली नाही.

१६ ऑगस्ट

इतिहास छापायला गेला. शेवटची मॅच २२ ला. बरोबरी झाली तरी आम्ही वाचतो. हरलो तर खाली. शंभर वर्षांत पहिल्यांदा, आणि ते एका बांबूमुळे.

ठरलं. मॅचला जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. हरलोच तर उभं राहून मर्दासारखं सांगायचं, होय, मी केली ती पूजा. जे व्हायचं ते होऊ दे. मिनतीला तसं ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, बरं, डबा देऊ का?

२२ ऑगस्ट. चंदननगर

इतिहासाच्या संशोधनासाठी अचानक मेव्हणीकडे यावं लागलं. इथे गंगेकाठी खूप इतिहास आहे.

मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. शेवटच्या मिनिटांत राहवलं नाही. काढला. शून्य-शून्य होतं. मग आपल्याच बॅकनं चेंडू बाहेर मारायला म्हणून उडवला, तो आपल्याच बारला लागला, गोलकीपरच्या पाठीवर आपटला आणि आत गेला.

खाली गेलो.

मेव्हणीच्या बाथरूममध्ये बसून रडलो. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तंबूत झोपून उठलेली ती माणसं, ते अनवाणी पाय, सगळं सगळं डोळ्यांसमोर आलं. मला खरंच फार वाईट वाटतंय आणि फार भीतीही वाटतेय, आणि यातलं कोणतं जास्त आहे ते कळत नाही.

२४ ऑगस्ट

घरी आलो. ग्रुपवर गोबला: उद्या संध्याकाळी तंबूच्या गेटवर संपूर्ण कमिटीचे पुतळे जाळणार.

संपूर्ण कमिटी. म्हणजे मी.

तीन वेळा मेसेज वाचला. मिनतीला म्हटलं, उद्या माझा पुतळा जळणार आहे. ती म्हणाली, बघा हं, त्यांनी चष्मा घातलाय का ते. दिवसभर तेच डोक्यात. चष्मा घालतील का? माझं टक्कल कशाचं करतील, मडक्याचं? निळा बुशशर्ट सगळ्यांना माहीत आहे, तोच घालतील. गळ्यात पाटी असेल: भवतोष समाद्दार. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

भीती खूप वाटतेय. पण मिनतीनं न सांगता मी दाढी केली, हे तिच्याही लक्षात आलं.

२५ ऑगस्ट. संध्याकाळ

गेलो. छत्री डोळ्यांपर्यंत ओढून. गेटवर ही गर्दी. पुतळे ओळीनं बांधलेले. पल्टूदाला पोटावर उशी. खजिनदाराच्या हातात रिकामी पिशवी. कोचसाहेबांच्या तोंडात शिट्टी. कंपनीचे साहेब टाय लावून. कॅन्टीनवाल्याचासुद्धा होता, म्हणे स्ट्यू पातळ करतो म्हणून.

मी ओळ पुन्हा पाहिली. उलट्या बाजूनंही पाहिली. मागे जाऊन पाहिलं, एखादा आडवा पडला असेल म्हणून.

नव्हता.

गोबला रॉकेल शिंपडत होता. तरी विचारलं, सहायक चिटणीसांचा कुठे आहे? तो म्हणाला, कोण सहायक? म्हटलं, भवतोष समाद्दार. त्यानं बाजूच्याला विचारलं, त्यानं पुढच्याला विचारलं. एकानं मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढून पाहिला, म्हणाला, असं कोणी नाही कमिटीत. दुसरा म्हणाला, होते वाटतं एक, वारले ना ते?

मी ओरडलो. इतक्या दिवसांत जे दाबून ठेवलं ते भर गर्दीत ओरडून सांगितलं: मीच तो! पूजा मी केली! बारची नाही, बांबूची केली! मोजे वाळत घालायच्या बांबूची!

मी डोळे मिटले. म्हटलं आता आलाच कोयता.

खांद्यावर हात पडला. गोबला एखाद्या आजोबांशी बोलावं तसं म्हणाला, दादू, आज कोणाचंच डोकं ठिकाणावर नाही. सकाळपासून कितीजण येऊन सांगून गेले, माझ्यामुळे हरलो म्हणून. एकानं मॅचच्या दिवशी दाढी केली. एकाची बायको पहिल्यांदाच मॅच बघायला बसली. मी स्वतः त्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं, तेव्हापासून जेवलो नाही. घरी जा, चहा घ्या.

मी म्हटलं, पण माझं खरं आहे. तो म्हणाला, सगळ्यांचं खरंच आहे. मी म्हटलं, मग निदान एक लहानसा तरी करा माझा. नुसती पाटी लावलीत तरी चालेल.

गोबलानं मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार प्रेमानं बोलला. म्हणाला, पेंढा संपलाय हो, दादू.

तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. पुतळे काही पेट घेईनात. कोणीतरी म्हणालं, दादूंकडे छत्री आहे. मग मला पुढे घेतलं आणि पल्टूदाच्या डोक्यावर छत्री धरायला सांगितलं.

धरली. नीट पेटेपर्यंत धरून उभा होतो.

छत्रीला भोक पडलं आहे. मिनतीला सांगितलं, वाऱ्यानं फाटली.