नादार ठरलेल्या बाईची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचा धंदा करणारी विधवा, वय सत्तरीच्या पुढे, राहणार दुकानामागची खोली, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसा दाखला दिला, आणि वर "एवढ्या हसताय कशाला?" असेही विचारले. हसू नको तर काय करू? जिने एके काळी भर कोर्टात शपथेवर 'माझी देणी फेडण्याची ऐपत नाही' असे सांगितले, तिच्यावर आज मृत्युपत्र करायची वेळ आली आहे! माझ्या मागे उरण्यासारखे काही आहे, या विचाराने सकाळपासून चहासुद्धा दोनदा थंड झाला.

कलम पहिले, घर. घर नाही. माझ्यानंतर कोणी शोधत बसू नये म्हणून लिहिते. ते लिलावात गेले. कसे गेले, हे माझ्या लेकीने सासरी नाना तऱ्हांनी ऐकले आहे. आता एकदा आईच्या शब्दांत वाचावे.

तिचे वडील गेल्यावर दुकान मी चालवले. पाणीपुरवठ्याचे काम घेतलेल्या एका कंत्राटदाराने गावोगावच्या पंपांच्या मोटारी आणून टाकल्या. मी तांब्याची तार उधार आणली, घर गहाण ठेवून कर्ज काढले, मोटारी भरून दिल्या. मोटारी गेल्या आणि पाठोपाठ कंत्राटदारही पैसे न देता पसार झाला. मग तगादे सुरू झाले. तारेचा व्यापारी तर भर रस्त्यात उभा राहून "चोर आहे ही बाई!" म्हणून ओरडला. लेक फोनवर रडली, "आई, मी सासरी तोंड कसं दाखवू?"

बँकेतल्या एका कारकुनाने हळूच सांगितले, की कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. आमच्या गावच्या वकिलाने हात झटकले. "इकडे असले अर्ज कोण करतं, काकू? बांधाचं भांडण असेल तर बोला." थोरले दीर तर कधी नव्हे ते माझ्या दुकानात आले. "कोर्टाची पायरी चढू नकोस. घराण्याचं नाव जाईल. आणि तिथं आहे काय? जुने कागद, नुसती धूळ!" कागदांचे त्यांना काय एवढे, ते मला तेव्हा उमगले नाही.

मी विचार केला, मोटार भरायची तर आधी जुनी उघडून बघावी लागते. अर्जाचेही तसेच. जिल्ह्याच्या कोर्टात गेले. अभिलेख कक्षातल्या गृहस्थांनी विचारले, "कोणाचं प्रकरण बघायचंय?"

"कोणाचंही. फक्त नादारीचं हवं. कसं लिहितात ते बघायचंय."

"असं मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणत ते शिडीवर चढले आणि शिंकत शिंकत एक गाठोडे खाली घेऊन आले. गाठ सुटली, आणि पहिल्याच अर्जावर आमचे आडनाव! म्हटले, योगायोग असेल. पान उलटले तर खाली सही, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट काढलेली. अशी सही आमच्या घरात एकच माणूस करतो. थोरल्या दिरांचे कापडाचे दुकान होते. ते पाठदुखीमुळे बंद करावे लागले, असे सगळ्या गावाला ठाऊक होते. ती पाठदुखी इथे कोर्टाच्या शिक्क्यासह बांधून ठेवलेली होती!

माझी छाती अशी धडधडायला लागली, की त्या गृहस्थांनी पाणी आणून दिले. त्यांना वाटले, बाई घाबरली. मला तर नाचावेसे वाटत होते. ज्या माणसाला प्रत्येक सभेत पुढची खुर्ची मिळते, तो याच दारातून गेला होता आणि धडधाकट बाहेर आला होता! मग मी का नाही?

संध्याकाळी थेट त्यांच्याकडे गेले. म्हटले, "भाऊजी, तुमचा अर्ज वाचला. अक्षर छान आहे. माझाही तुम्हीच लिहून द्या."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नजर स्वयंपाकघराकडे. तिथून जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या. "कसला अर्ज ते मला माहितीये. कोर्टाचा माणूस आला तेव्हा कागद मीच घेतला होता."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही पाठ दुखते म्हणालात. मी तेल चोळत राहिले."

भाऊजी खाली बसले. आधी रडले, मग जाऊबाईंकडे बघून असे हसायला लागले, की आम्हा दोघींनाही हसू आवरेना. त्याच बैठकीत माझा अर्ज लिहून झाला. ही हकीकत दोघांच्या परवानगीने लिहिली आहे. "लिही," भाऊजी म्हणाले, "एवढी वर्षं फुकट तेल संपवलं."

सुनावणीला ते माझ्याबरोबर आले. न्यायाधीश बाईंनी विचारले, "पोटापाण्याची हत्यारं कोणती?" मी एकेक सांगत गेले आणि त्या लिहून घेत गेल्या. हत्यारे जप्तीतून सुटली. घर गेले, त्या दिवशी मी रडले, ते खोटे कशाला सांगू? पण पुढे जेव्हा देण्यांतून मुक्ततेचा हुकूम झाला, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर भाऊजींनी टाळीसाठी हात पुढे केला. थोरल्या दिराने भावजयीला टाळी दिलेली आमच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. लेकही आली होती. सासूला सोबत घेऊन आली होती.

कलम दुसरे, दुकानाचा गाळा. हा नंतरच्या कमाईतून विकत घेतला आहे. तो लेकीला. अट एकच: माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईला तिथून उठवायचे नाही.

कलम तिसरे. तार गुंडाळायचे वाइंडिंगचे मशीन, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, नट-बोल्टचे पाने, उरलेली तार, सगळे त्या बाईला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण लगेच मजुरी वाढवून मागितली असती.

कलम चौथे, तारेचा व्यापारी. कोर्टाने वाटून दिलेला त्याचा हिस्सा त्याला पोचला आहे. आणखी काही नाही. त्याच्या दुकानातला पंखा जळाला तर भरून द्यावा, पण मजुरी आगाऊ घ्यावी. कंत्राटदाराला माझी आठवणसुद्धा ठेवत नाही.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक लेकीने आणि भाऊजींनी मिळून सांभाळावी. तिच्यातून नादारीचा अर्ज करू पाहणाऱ्या कोणाही माणसाला कोर्टाचा खर्च आणि बसभाडे द्यावे. हल्ली आडगावांतून माणसे दुकानात येतात, मोटार आणल्याचे नाटक करतात आणि मग आवाज खाली घेऊन भलतेच विचारतात. काल एक नवरा-बायको आले. तो जमिनीकडे बघत उभा. तिनेच विचारले, "काकू, आम्हाला तुरुंगात टाकतील का हो?"

मी म्हटले, "तुरुंगात नाही गं बाई, बाकावर बसवतील. बाक मात्र कडक आहे, घडी घालून चादर आण."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

त्या दोघांना घेऊन उद्या पहिल्या बसने कोर्टात जायचे आहे. म्हणून हे मृत्युपत्र आजच उरकते. उद्या मला वेळ नाही.

लिहून ठेवणार: मोटारवाल्या काकू (सही)

समक्ष सह्या, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि त्याबद्दल ज्यांची तक्रारही नाही:
थोरले दीर (सही, शेपटीसह)
थोरल्या जाऊबाई (सही)

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: आजची, सोमवार, दुपारी बाजार उठल्यावर