रात्रीचे जेवण : पूर्ण

१९ जानेवारी, सोम.

आईच्या अकोल्यातल्या शुश्रूषा केंद्रात आजपासून सगळं डिजिटल. आईच्या मनगटावर पट्टा, सिस्टर लोकांच्या हातात टॅब, आणि मला इथं अमरावतीत मोबाईलवर दिवसभर टुणटुण. बीपी बरोबर. नाडी बरोबर. औषध दिले. फिरवले. दुपारी एक पिवळं हसरं तोंड : "आजी आनंदी आहेत."

आमची आई, सोमवारी, आनंदी? पायाचं हाड मोडण्याआधीसुद्धा नव्हती कधी. ठरवलं कोणी?

प्रशांतचा पुण्याहून फोन. बंधुराज खूश. "ताई, आता तुला दर आठवड्याला अकोल्याची बस नको." वीसेक वर्षं जि.प.च्या लेखापरीक्षणात काढली. जिथं सगळं जुळतं तिथं कुठंतरी पाणी मुरतंच.

२४ जाने., शनि.

अकोला. मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं. आई खिडकीपाशी, पट्ट्याखाली रुमाल कोंबलेला. "खाजवते वं. काढू देत नाई हे लोकं."

वैशाली सिस्टर आली, टॅबवर बोट फिरवलं, गेली. आई म्हणाली, "पयले हात धरे, आता पाटी धरते." मग बराच वेळ जुन्या गोष्टी, नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यांत ती सरकारी नर्स होती तेव्हाच्या. "रजिस्टर आमीबी भरलं. पन सुई टोचल्यावर. काही बाया आदीच भरून ठेवत." परतताना बसमध्ये तेच डोक्यात. आदीच भरून ठेवत.

निघण्याआधी मॅनेजरनं हौसेनं वरचा मजला दाखवला. विसरभोळ्या पेशंटांसाठी. दाराला कार्डाचं कुलूप, आतून उघडत नाही. "कोणाला वर हलवायचं ते आता सिस्टीमच सुचवेल मॅडम. विसरण्याच्या नोंदी जमल्या की." काचेच्या आत एक आजोबा दाराची कडी शोधत होते. मला उभं राहवेना तिथं. आईला त्या दाराआड मी जाऊ देणार नाही.

१ फेब्रुवारी, रवि. माघ पौर्णिमा.

सापडलं!

संध्याकाळचा मेसेज : "रात्रीचे जेवण : पूर्ण. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी."

आज पौर्णिमा. पौर्णिमेला आईचा उपोसथ. पांढरं पातळ नेसते, अष्टशील घेते, दुपारी बाराच्या आत जेवते आणि मग उजाडेपर्यंत फक्त पाणी. मला कळतं तेव्हापासून. तापात पाळला. बाबा गेले त्या महिन्यातही पाळला. मागच्या पौर्णिमेला याच केंद्रात संध्याकाळचं ताट परत पाठवलं होतं तिनं. आणि आज म्हणे वांग्याची भाजी! ताट समोर जायच्या आधीच टॅबमध्ये "पूर्ण" पडलेलं असणार.

खरं सांगायचं तर आनंद झाला. किती दिवसांत अशी स्वच्छ चूक हाती लागली नव्हती.

२ फेब्रु.

मॅनेजर फोनवर : "सिस्टीममध्ये चूक होऊ शकत नाही मॅडम." म्हटलं, सिस्टीमची नसेल, भरणाऱ्याची असेल.

प्र. : "ताई, घरात आक्षेप काढत जाऊ नकोस." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतो. शनिवारी जातेच. तोंडावर विचारते.

७ फेब्रु., शनि.

वैशाली सिस्टरला जिन्यापाशी गाठलं. मोबाईल दाखवला. हे कोणी भरलं?

"म्याच भरलं ताई."

आई जेवली नसताना?

"जेवल्या ना! मी समोरच होती. भाजी त दुसऱ्यांदा मांगून घेतली त्याइनं. मले बरं वाटलं, एरवी चिमनीवानी खातात."

पौर्णिमा होती, म्हटलं. तिचा उपोसथ असतो.

"थे मले कसं मालूम असन? आजीनं त काही म्हटलं नाई."

विश्वास बसला नाही. सरळ आईकडे. माघी पौर्णिमेला रात्री जेवलीस का गं?

आई माझ्याकडे पाहत राहिली. "माघी पुनव त यायची हाये अजून."

मग माझा चेहरा पाहिला असेल. लगेच : "आन् खाल्लं असन त खाल्लं. भूक लागली असन. तू काहून पोलिसावानी पुसून राहिली?" आणि तोंड खिडकीकडे.

विसरली? की मुद्दाम खाल्लं आणि लेकीपुढे कबूल करायची लाज वाटली? लाजच असू दे.

निघताना सिस्टरला म्हटलं, हे पौर्णिमेचं टॅबमध्ये घालू नको. तिनं कारण विचारलं नाही. "नाई घालत. वरच्या मजल्यावर डूटी केली हाये म्या." आयुष्यभर लोकांना "नोंद का नाही" म्हणून धारेवर धरत आले आणि आज मीच

९ फेब्रु.

ऑफिसात लक्ष नाही. एका ग्रामपंचायतीची फाईल सकाळी उघडली, संध्याकाळी त्याच पानावर मिटली. नोंद खोटी निघाली असती तर किती बरं होतं. भांडले असते, मॅनेजरला घाम फोडला असता. खऱ्या नोंदीशी कसं भांडायचं?

भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे.

२१ फेब्रु., शनि.

अकोला. आई झकास. माझ्या चौथीतल्या बाईंचं नाव, चांदूर रेल्वेच्या मावशीच्या विहिणीचं दुखणं, सगळं धडाधड. मग थोड्या थोड्या वेळानं दोनदा विचारलं, "प्रशांत जेवला का?" प्र. पुण्यात.

पण प्रशांत जेवला का हे तर ती नेहमीच विचारते. विचारते ना? आता मी तिचं प्रत्येक वाक्य तपासते आणि ते तिच्या ध्यानात येतं. त्या पट्ट्यापेक्षा मीच तिला जास्त टोचत असेन.

२२ फेब्रु.

प्र.ला सगळं सांगितलं. मग : "सोपं आहे ताई. टॅबमध्ये वर्षभराच्या पौर्णिमा टाकून देऊ. सकाळी सिस्टरला आठवण जाईल, ती आईला सांगेल. रात्री ताटच येणार नाही."

म्हटलं, मग तिला आठवलं की टॅबनं आठवून दिलं, हे आपल्याला कळणार कसं?

"कळून काय करणार आहेस?"

फोन आपटला. राग आला होता. नंतर मीच परत लावला. तू काही टाकू नकोस म्हटलं. "बरं. बघतो." लहानपणापासून याच्या "बघतो"चा अर्थ मला लागलेला नाही.

२ मार्च, सोम.

उद्या पौर्णिमा. होळीची सुटी, अकोल्याला जाता येईल. पण मला दारात पाहिलं की आईला आठवणार, मग कसली परीक्षा. फोनही करायचा नाही. केंद्रात होळीचा गलका असेलच, पण होळी आठवणं वेगळं, उपोसथ आठवणं वेगळं.

ज्या बाईनं मला बोट धरून विहारात नेलं तिची मी परीक्षा घेते आहे. लाज वाटते. तरी फोन करणार नाही.

३ मार्च, मंगळ. फाल्गुन पौर्णिमा.

दिवसभर मोबाईल हातात. दुपारचं जेवण पूर्ण. लवकर दिलेलं दिसतं. की रोजही याच सुमारास असतं? मागचे मेसेज चाळले, मग चिडून बंद केले.

संध्याकाळी : "रात्रीचे जेवण : घेतले नाही. कारण : उपोसथ."

उठले, बसले, परत वाचलं. आईनंच सांगितलं असणार. नाहीतर

लगेच आईला फोन. आवाज खणखणीत. "पुनव हाये ना आज, काय खाऊ? तू पाळली का नाई?" हो म्हटलं. सकाळपासून पोटात काही गेलंच नव्हतं. तुला कोणी आठवण दिली का गं, हे ओठांवर आलेलं गिळलं. खूप खूश होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ठेवते तोच प्र.चा फोन. "पाहिलंस ताई?"

पाहिलं.

"बघ. उगाच घाबरत होतीस."

आवाज जरा जास्तच मोकळा वाटला. प्रशांत माझ्याशी आजवर खोटं बोललेला नाही. विचारलं तर खरं ते सांगेल.

मी विचारलं, पुण्यात ऊन कसं आहे.