हस्की, आणि गावी गेलेला तांबडा

पप्पा, आपल्या घरात पाच दिवसांपासून एक हस्की आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "कुत्रा आहे की लांडगा?" दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. निळ्या डोळ्यांचा, बर्फात गाडी ओढायला जन्मलेला, आणि राहतोय मुलुंडला, गच्चीखालच्या वन रूम किचनमध्ये, मे महिन्यात. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची दुबईला बदली झाली. ती म्हणाली, "तू डोंगरात फिरतेस, तुला असलाच कुत्रा शोभतो. आठवडाभर ठेवून बघ, जमलं तर तुझा." मी लगेच हो म्हणणार होते. मी कशी हो म्हणते ते तुम्हाला माहीत आहे. कॉलेज असंच हो म्हणून धरलं आणि असंच सोडलं. पण आई म्हणाली, "ठेवून बघ म्हणालीय ना ती? मग बघ आधी."

तर बघतेय. तो भुंकत नाही, हेल काढून रडतो, तेही गप्पा मारल्यासारखं. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, कोणाचं बाळ आणलंय का. केस वरणात, केस देवाच्या तेलात. पहिल्या सकाळी त्याला तासभर पळवला, मी मेले, आणि त्याने घरी येऊन ताज्या दमाने सोफ्याचा कोपरा उसवला. तिसऱ्या दिवशी गॅसवाल्यासाठी दार उघडलं तर हा पायांतून निसटला. दीड तास शोधला. सापडला स्टेशनबाहेर, एका अनोळखी माणसाच्या हातून खारी खाताना. चोर आला तर हा त्याला कपाट दाखवेल. हाक मारली की थांबतो, वळून बघतो, ऐकू आलं असं दाखवतो, आणि पुढे जातो. आई म्हणाली, "तुझा भाऊच शोभतो." मी हसले. ती हसली नाही. "पुढच्या महिन्यात तू जाशील हिमाचलला, त्या पोरांना डोंगर चढवायला. मग ह्याच्यामागे कोण धावणार? हे गुडघे?" तोपर्यंत जमेल का, जमेल का विचारताना मी स्वतःलाच घर समजत होते. घर म्हणजे आई. मी घरी येते, एवढंच.

दुपारी गच्ची तापली की तो बाथरूमच्या लादीवर पोट टेकून पडतो. काल कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून त्याच्यासमोर ठेवला, आणि तुमचा कारखाना आठवला. मी डबा द्यायला येतेय, आत शिरल्या शिरल्या अमोनिया डोळ्यांत जातोय, आणि तुम्ही गमबूट घालून हुकने बर्फाची लादी ओढत येताय. "मागे हो, पाय जाईल." बाकी काही बोलायचा नाहीत तिथे. मे महिन्यात मात्र लादीचा तुटका तुकडा भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून घरी आणायचात. आई म्हणायची, "माझ्यासाठी गजरा नाही आणला कधी." तो बर्फ तांबड्यासाठी, आपल्या कुत्र्यासाठी असायचा. तो जिभेने चाटून चाटून त्याला खळगा पाडायचा आणि भुसा नाकाला लावून हिंडायचा.

मी अकरा वर्षांची होते. तेव्हा आपण भाड्याने राहायचो, आणि एका शनिवारी शाळेतून आले तर तांबडा नव्हता. तुम्ही म्हणालात, "गावी पाठवला." मी जेवले नाही तर ओरडलात, "एका जागी बसायला शीक आता. त्याच्यामागे फिरून पायाला भिंगरी लागलीय." गावी पाठवला, हे आपल्या लोकांत केवढं साधं वाक्य आहे. जुनं कपाट गावी जातं, वेडी आत्या गावी जाते, नापास झालेला चुलतभाऊ गावी जातो. कोणी पुढे विचारत नाही. मी विचारायचे. दर रविवारी. आणि तुम्ही बातम्या आणायचात. काकांचा फोन आला होता, तांबडा माकडं हाकलतो. काकू पेजेत मासा कालवून घालते. एकदा म्हणालात, फणस खाऊन त्याचं पोट बिघडलं, दोन दिवस पडून होता.

म्हणून परवा माझ्या डोक्यात आलं ते आपोआप आलं. हस्की गावी. मोकळी जागा, काका आहेत, काकू आहे. फोन लावला. म्हटलं, "काका, एक कुत्रा आहे. तुम्ही आमचा तांबडा ठेवला होतात तसा ठेवाल का?"

"खयचो तांबडो गो?" काका म्हणाले. "मुंबयसून आमच्याकडे कुत्रो कधी इलोच नाय."

आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी फोन ठेवला. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "घरमालकाने रविवारपर्यंतची मुदत दिली होती, कुत्रा नाहीतर खोली सोडा. ह्यांना रजा नव्हती. कारखान्याचा टेम्पो कांजूरला जात होता, त्यात घातला. कचऱ्याच्या डम्पिंगजवळ सोडला. म्हणाले, तिथे खायला तरी मिळेल."

"आणि मला?"

"तुला काय सांगणार होते?"

पप्पा, सोडलात त्याचा राग आहे, पण तो मला समजतो. फणस नाही समजत. खोट्याला पोटदुखी कशाला जोडलीत? मी त्या दोन दिवसांत त्याच्यासाठी उपास धरला होता. तुम्ही बघत होतात. आणि मग आईने ते सांगितलं जे तिने सांगायला नको होतं. त्यानंतरची दोन वर्षं आपण गणपतीला गावी गेलो नाही, कारण कारखाना रजा देत नाही. "द्यायचे की," ती म्हणाली. "हेच अर्ज टाकायचे नाहीत. तू तिथे जाऊन शोधशील म्हणून." मग तुम्हीच एका रविवारच्या बातमीत तांबड्याला म्हातारा करून मारलात, आणि पुढच्या गणपतीला आपण गेलो. काका-काकू घरात नसताना घरामागच्या आंब्याखाली तुम्ही बोटाने जागा दाखवलीत. मी तिथे जास्वंद वाहिली. रिकाम्या मातीवर. तुम्ही शेजारी उभे होतात, टोपी काढून. टोपी कशाला काढलीत?

काल मैत्रिणीला फोन करून सांगितलं, नाही जमणार. ती म्हणाली, "यार, मुलीला काय सांगू? सहा वर्षांची आहे. तुमचं गाव आहे ना कोकणात? तुझ्या गावी पाठवला सांगते. तू फक्त हो म्हण." मी म्हटलं, "तिला घेऊन ये इथे."

ती आली. हस्कीने पोरीला पाडलं आणि तोंडभर चाटलं. मी तिच्यासमोर फरशीवर बसून सांगितलं, की तो आमच्याकडे राहू शकत नाही, माझी आई त्याला धरू शकत नाही आणि मी इथे नसते.

"मग तो कुठे जाणार?"

"अजून माहीत नाही. कळेपर्यंत मी कुठे जात नाही."

ती रडली, चांगला अर्धा तास, आणि जाताना माझ्याशी बोलली नाही. मला काही बरंबिरं वाटलं नाही. हिमाचलवाल्यांना मात्र फोन करून कळवलं की मला धरू नका.

हे मी त्याच्या लसीच्या कागदांच्या मागे लिहितेय, म्हणजे हे पत्र कुठे पोचायचं नाहीच. आणि तुम्हाला एवढं सगळं ऐकवलं तर हेही लिहायला हवं. तांबडा गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी रद्दी काढायला माळ्यावर चढले होते. गोणपाटाची गुंडाळी दिसली. उलगडली तर आत त्याचा पट्टा आणि साखळी. साखळीशिवाय त्याला एसटीत कोणी घेतलं नसतं, एवढं मला कळत होतं. मी ते पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं, खाली उतरले, हात धुतले. रविवार होता. तुम्ही चहा पीत होतात. मी विचारलं, "पप्पा, काकांचा फोन आला होता का?"