ज्या गाठीला तुम्ही सुरी लावली नाही

बाबा, गेल्या महिन्यात मी एका बाईंच्या पोटातली तशी गाठ काढली. तशी म्हणजे, रिसोडच्या आपल्या दवाखान्यात बैलबंडीतून आणलेल्या त्या शेतकऱ्याची होती तशी. सत्तावन्न साल असावं. मी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते, नागपूरहून सुट्टीवर आले होते. वीस दिवसांचा ताप, बेंबीच्या वर दुखरी गाठ. त्याची बायको म्हणते, "फोडून टाका ना जी. पू निंघाला का ताप उतरन." मलाही तेच वाटतं, मी चाकू उकळायला ठेवते. तुम्ही गाठीवर तळवा ठेवता आणि तसेच थांबता. मग माझा हात धरून तिथं ठेवता. गाठ नाडीसारखी उडते आहे. "हे गळू नाही, बाई," तुम्ही तिला म्हणालात, "पोटातली रक्ताची मोठी नळी सडून फुगली हाये. सुरी लावली तर मानूस इथंच जाईन." "मंग नागपूरले नेऊ?" तिनं माझ्याकडे बघत विचारलं. "तिथंही हे कोणी करत नाही अजून," तुम्हीच सांगितलंत.

सहा दिवस तुम्ही त्याच्याजवळ बसलात. पेनिसिलिन दिलंत, चमच्यानं पाणी पाजलंत, त्याच्या तुरीची चौकशी केलीत. सातव्या दिवशी दुपारी तो कंबर धरून कळवळला आणि थोड्याच वेळात गेला. त्याच्या बायकोनं जाताना तुमच्याकडे पाहिलं नाही. डाक्टर भ्याला, असं गावात झालं. मीही जेवताना बोलले, "निदान प्रयत्न तरी करायचा." तुम्ही ताटावरचा हात थांबवलात. "आपल्याले येत नाही ते दुसऱ्याच्या जिवावर शिकायचं नसते." तरी दोन दिवसांनी मी नागपूरला निघाले तेव्हा वाटेतल्या मालेगावपर्यंत एसटीत माझ्याशेजारी बसून आलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी अजून शिकतच होते.

आता हे करता येतं, बाबा. खांद्याखालच्या धमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कातडीखालून नवी नळी टाकली, पायांना रक्त त्या वाटेनं दिलं. मग पोट उघडून मोठी धमनी सडलेल्या जागेच्या वर बांधली, सडका भाग काढला, धुतलं. सात तास लागले. तुम्ही नुसते दाराशी उभे राहिला असतात, तरी चाललं असतं. टाके घालून झाल्यावर मी उगाच मागे वळून पाहिलं.

बाई आसेगावकडच्या. घरी जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "कोनापाशी शिकल्या जी तुमी हे?" मी मुंबईच्या सरांचं नाव सांगितलं. तुमचं ओठांवर आलं होतं. पण ज्यानं सुरी लावलीच नाही त्याच्यापाशी शिकले, हे त्यांना कसं सांगावं ते सुचलं नाही, आणि खरं सांगते, बाजूला माझे विद्यार्थी उभे होते, त्यांच्यासमोर खेड्यातल्या डॉक्टरचं नाव घ्यायला मी लाजले.