शनिवारची गोळी

मंगळ., ४ नोव्हें.
संभाजीनगरला यांचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरा बहुतेकांना चार असतात. यांना उजवीकडं एक जास्तीची, डावीकडच्या दोन एकत्र होऊन शिरलेल्या. जन्मापासूनच्या. भलते ठोके बहुतेक तिथूनच सुटतात, त्यानं काळीज फडफडतं. डॉ. म्हणाले, शिरांच्या तोंडाभोवती जाळून वाट बंद करू. २० ता. दिली. तोवर रक्त पातळ करायची गोळी रोज सकाळी, एकही चुकवायची नाही. चुकली तर आत गुठळी.
जिना उतरताना हे, "देवानं एक शीर जास्तीची दिली, अन् आपण ती जाळायलोत."

रवि., ९
दुपारी पुन्हा फडफड. मी यांचं मनगट धरून बसले, ठोक्यांना ताळतंत्र नाही. कणीक परातीत तशीच. लय भ्याले. हे उलट मलाच, "भिऊ नको, थांबतंय." थांबलं एकदाचं. जीव भांड्यात पडला.

शनि., १५
माझी सकाळची शाळा, पहिलाच तास. यांचा नरसिंहाचा उपास, संध्याकाळपर्यंत निर्जळी. गोळी घ्या म्हणून मी बजावून निघाले. "हो हो."

गुरु., २०
जाळणं नाही झालं. तोंडातून नळी घालून पाहिलं, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी. डॉ. नी विचारलं, गोळी चुकली का? हे सरळ, "शनिवारी न्हाई घेत. निर्जळी असती. पाणी कसं प्यावं?"
मी शेजारीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आता जाळायला गेलं तर गुठळी मेंदूत जायची. आधी ती विरघळू दे, मग बघू. तोवर सुटली तर? डॉ. नी गोळी पुन्हा लिहून दिली, "एकही चुकवू नका."
येताना देवगाव फाट्याला चहा. राहवलं नाही. "माझं कुंकू पुसायला उपास धरलाय का?" चहावालाही बघायला लागला. यांनी कप तसाच ठेवला. असं बोलू नये. पण संताप संताप झाला होता, आणि भीती.

शनि., २२
शाळेत रजा. यांना घेऊन पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळात. पुजारीकाकांना यांच्यादेखतच विचारलं, तीर्थानं उपास मोडतो का?
"छे! तीर्थानं कुठं मोडतो, बाई?"
यांच्या जिभेवर गोळी ठेवली. काकांनी हातावर पळीभर तीर्थ घातलं. गिळली, निमूट.
बाहेर पायरीवर बसलो. यांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आजची झाली. मागच्या शनिवारांच्या आता कशा घ्यायच्या गं?"

म्हटलं, उठा, गाडी चुकंल.