बाण वर होता की खाली?

आदरणीय व्याहीबुवा,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समजावं). तुमचा खोकला, विहीणबाईंचे गुडघे आणि गाय, सगळे बरे असतील. विहिरीला आतून सिमेंटचा गिलावा करायला घेतल्याचं कळलं. फार चांगलं केलंत. घाई मात्र करू नका. सावकाश केलेला गिलावाच टिकतो म्हणतात.

इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे मी सोडून. तुमच्या कन्येने, आमच्या सूनबाईने, गेल्या वर्षी तुमच्या विहिरीतून तो काळा दगड काढून आणला, तेव्हापासून घरात त्याचंच राज्य आहे. (मुलगा म्हणतो, लग्नाआधी मलाही हिने एवढं निरखून पाहिलं नव्हतं.) मी सातवीपर्यंत शिकलेला, मला दगड म्हणजे दगड. पण तिने समजावलं. जमिनीच्या पोटातला तापलेला रस थंड होताना त्याचे स्फटिक बनतात. साध्या दगडात ते साखरेसारखे कसेही पडलेले असतात. आपल्या दगडात मात्र पांढरे, लांब, ओळीने उभे. एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला केरसुणीसारखे फाकलेले. ज्या अंगाला फाकले, त्या अंगाला ते वाढत गेले. आता ते तळावरून वर वाढले की छतावरून खाली, यावर दगडाचा सगळा जन्म ठरतो, आणि त्यावरच सोमवारी तिला मोठमोठ्या परीक्षकांपुढे बोलायचं आहे.

विहिरीत असताना दगडाची वरची बाजू कुठली, हे कळावं म्हणून तिने त्यावर बाण काढला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं हो! माझा जन्म डेपोत बसगाड्या धुण्यात गेला; डाग दिसला की हात शिवशिवतात. शेजारच्या पोराने रेघोट्या मारल्या असं समजून मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन दगड लख्ख केला. जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, दगड हलवलात तरी चालेल, बाण तेवढा सांभाळा हं."

ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्याच पेनने बाण काढला. अंदाजाने. दगड ज्या बुडावर नीट बसतो, ती त्याची खालची बाजू, असा विचार केला (माणसाचंही तसंच असतं). तिने पाहिलं आणि किंचाळलीच. "अगंबाई, हे तर खाली वाढलेत! बाण खरा, माझीच आठवण खोटी!" वर्षभर अडलेलं गाडं सुटलं म्हणे. तेव्हापासून गुणगुणत हिंडते आहे. मुलाने विचारलं, "बाबा, एवढा घाम का?" मी म्हणालो, उन्हाळा. (बाहेर पाऊस होता.)

फोन केला असता, पण तुमच्याकडे तो विहीणबाई उचलतात, आणि त्यांच्या कानापासून लेकीच्या कानापर्यंतची वाट फार जवळची.

तुमचा,
चिंतातुर व्याही

ता. क. गिलावा ताबडतोब थांबवा! दगड निघाला त्या खाचेशी उतरून पाहा, उरलेल्या खडकात केरसुण्या वर फाकल्या आहेत की खाली. खाली असतील तर लगेच कळवा. वर असतील तर सोमवारनंतर कळवलंत तरी चालेल.

आणखी ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोडलं असं समजा. तिचं गुणगुणणं ऐकवेना, सांगून टाकलं. तिने दगड उचलून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "चला, विहिरीवर जाऊ. आणि बाबा, तो तारेचा ब्रश घ्या. गिलावा झाला असला तर खरवडायला तुमच्यासारखा हात कुणाचा?"

तेव्हा हे पत्र मीच आणून देतो आहे, कारण तोंडाने सांगायचा धीर नाही. तुम्ही वाचत असाल तेव्हा मी समोरच ब्रश घेऊन बसलेला असेन. वाचून होईपर्यंत कृपया माझ्याकडे बघू नका.