बाबांच्या पादुका

भोर, गुरुवार, माघ १९३८

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. आम्ही शिष्यांनी चंदनाच्या पादुका घडवून घेतल्या आणि स्थापनेसाठी हिर्डोशीला त्यांच्या घरी नेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, त्या उलटसुलट करून पाहिल्या.

“त्यो तर जलमभर अनवाणी हिंडला. मग ह्या कुनाच्या?”

इतकी वर्षं ज्या पायांवर डोकं ठेवलं ते अनवाणी होते, हे विसरलो कसे? वस्तूत अडकू नका, हेच तर बाबा सांगत आले.

आक्कांनी पादुका सरळ पायांत घातल्या. “मला बसत्यात,” म्हणाल्या आणि खट खट करत गोठ्याकडं निघाल्या. आमचे हात जोडलेलेच. आधी मी हसलो, मग सगळेच. ते अनवाणी पाय आज फार आठवले, पण रडू आलं नाही.

स्थापना झाली म्हणायची. गोठ्यात झाली, आणि उत्तम झाली.